संगणक अडतो तेव्हा

आपल्या बहुतेक पेढ्यांची कीर्द-खतावणी आता संगणकावर गेली आहे. लाल कापडी बांधणीच्या वह्या दिवाळीच्या पूजेपुरत्या बाहेर येतात, त्यांवर स्वस्तिक रेखले जाते, पहिल्या पानावर शुभ-लाभ उमटते आणि मग त्या कपाटात विसावतात. खरा हिशेब टेबलाखालच्या डब्यात राहतो. हा डबा वर्षातून चार-सहा वेळा तरी अडतोच. पडद्यावरचे चित्र थिजते, माउसचा बाण जागचा हलत नाही, कळा दाबल्या तरी अक्षर उमटत नाही. अशा वेळी जवळ असेल त्या माणसाचा हात आपोआप डब्याच्या बटणाकडे, किंवा त्याहून वाईट म्हणजे भिंतीवरच्या स्विचकडे जातो. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तोही हेच सांगतो : बंद करून चालू करा. सल्ला चुकीचा नाही, पण बंद कसे करायचे हे तो सांगत नाही, आणि पेढीचे नफा-नुकसान नेमके तेथेच ठरते.

हे समजण्यासाठी संगणक नोंद कशी ठेवतो ते पाहावे लागेल. आपण एखादी रक्कम भरली आणि ती पडद्यावर दिसली म्हणजे ती पक्क्या वहीत गेली, असे आपण धरून चालतो. वस्तुतः ती आधी संगणकाच्या स्मरणात, म्हणजे रॅममध्ये, असते. जुन्या दिवाणजींच्या भाषेत बोलायचे तर ती कच्च्या टिपणवहीत असते. डिस्क ही पक्की वही. डिस्कवर लिहिणे स्मरणाच्या मानाने फार संथ असल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक नोंदीसाठी तिच्याकडे धाव घेत नाही. बऱ्याच नोंदी साठवून एकदम उतरवते. लिनक्स या प्रणालीत बदललेला मजकूर नेहमीच्या मांडणीनुसार सुमारे तीस सेकंदांपर्यंत स्मरणातच थांबू शकतो. वीज तोडली की स्मरण तत्क्षणी कोरे होते. टिपणवही जळून जाते. पक्क्या वहीत जेवढे उतरले असेल तेवढेच राहते.

शेवटच्या दोन-चार नोंदी जाणे हे त्यातले लहान नुकसान. मोठे नुकसान वेगळे आहे. डिस्कवर एखादी फाइल सलग एका जागी असेलच असे नाही. तिचे तुकडे ठिकठिकाणी असतात आणि कोणता तुकडा कोठे आहे, कोणती जागा मोकळी आहे, याची एक नोंदवही प्रणालीने ठेवलेली असते. या व्यवस्थेला फाइल सिस्टिम म्हणतात. ही नोंदवही बदलली जात असतानाच वीज तुटली तर अर्धा बदल झालेला आणि अर्धा राहिलेला, अशी अवस्था होते. जमा मांडली आणि नावे मांडायचे राहून गेले, तर तेरीज कशी जुळणार? बँकेत आम्ही असा फरक शोधण्यात रात्री घालवल्या आहेत. कागदी खतावणीत निदान अक्षर आणि शाई पाहून माग काढता येत असे. डिस्कवर तशी सोय नाही.

या संकटावर संगणकशास्त्राने शोधलेला उपाय आपल्याला ऐकताच ओळखीचा वाटेल, कारण त्यांनी शब्ददेखील आपल्याच व्यवसायातून उचलला आहे : जर्नल. मुख्य नोंदवहीत बदल करण्यापूर्वी ‘मी अमुक बदल करणार आहे’ अशी नोंद एका वेगळ्या रोजकीर्दीत करायची, मग बदल करायचा आणि शेवटी ती नोंद पूर्ण झाल्याची खूण करायची. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना प्रणाली प्रथम ही रोजकीर्द वाचते. जे पूर्ण लिहिलेले असेल ते मुख्य वहीत उतरवते, जे अपुरे असेल ते रद्द करते. विंडोजमध्ये आज वापरात असलेली एनटीएफएस ही व्यवस्था १९९३ मध्ये आली आणि तिच्यात ही सोय आरंभापासून आहे. लिनक्समध्ये ती २००१ मध्ये ईएक्सटी-३ या रूपाने मुख्य प्रवाहात आली. आज तिचा पुढचा अवतार ईएक्सटी-४ प्रचारात आहे. म्हणूनच आपण इतके वेळा बटण दाबूनही संगणक पुन्हा उठून बसतो. आणि म्हणूनच आपली भीड चेपली आहे.

परंतु ही रोजकीर्द सर्वसाधारणपणे फाइल सिस्टिमच्या नोंदवहीचे रक्षण करते, आपल्या मजकुराचे नव्हे. फाइल कोठे आहे हे तिला बिनचूक ठाऊक राहील. त्या फाइलच्या पोटात आजची पट्टी अर्धी लिहिलेली आहे की पूर्ण, याची हमी ती देत नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची एखादी फाइल अर्धवट राहिली तर संगणक व्यवस्थित सुरू होतो, सगळे ठीक दिसते आणि कंपनी उघडायला जावे तर ती उघडत नाही. पेन ड्राइव्हवर तर बहुधा फॅट-३२ किंवा एक्सफॅट ही साधी व्यवस्था असते आणि तिच्यात अशी रोजकीर्दच नसते. बॅकअप चालू असताना पेन ड्राइव्ह हिसकून काढणारी तरुण मंडळी मी पाहतो, तेव्हा मला त्यांच्या धाडसाचे आश्चर्य वाटते.

आमच्या परिचयातील एका पेढीत हे घडले. महिन्याची दहा तारीख होती. दुसऱ्या दिवशी, अकरा तारखेला, जीएसटीआर-१ विवरणपत्राची मुदत संपत होती. संध्याकाळी नोंदी भरत असताना संगणक अडला, मुलाने बटण दाबून धरले, पुन्हा सुरू केले आणि चालू वर्षाची फाइल उघडेना. बॅकअप होता, पण सतरा दिवसांपूर्वीचा. दोन माणसे तीन दिवस बिलांच्या स्थळप्रती पुढ्यात घेऊन सतरा दिवसांचा व्यापार पुन्हा लिहीत बसली. विलंब शुल्क भरता येते. परंतु ज्या व्यापाऱ्याला आपल्या बिलावर वेळेत कर-वजावट मिळाली नाही, त्याच्याशी झालेली कटुता भरून यायला वेळ लागला. स्थळप्रती फाडून टाकल्या असत्या तर काय झाले असते, याचा विचारही नको.

याउलट अनुभव गेल्या हंगामातला. माझ्या पुतण्याची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत पेढी आहे. दुपारचे सौदे उरकले होते, राजापुरी हळदीच्या पट्ट्या तयार होत होत्या आणि बाकावर शेतकरी बसून होते. त्यांतले काही अथणीकडून आलेले, परतीच्या गाडीकडे डोळे लावलेले. बाविसावी पट्टी छापायला दिली आणि संगणक थिजला. पडद्याच्या माथ्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी अक्षरे आली. पुतण्या खाली वाकला. दिवाणजी म्हणाले, “साहेब, हे नेहमीचंच आहे. बटण दाबलं की येतंय ताळ्यावर.” मी पुतण्याला म्हटले, “थांब जरा. डब्यावरचा तो बारका दिवा लुकलुकतोय का बघ.” लुकलुकत होता. शेतकऱ्यांसाठी चहा मागवला आणि आम्ही थांबलो. चहा येईपर्यंत पडदा पूर्ववत झाला. प्रिंटरची तार सैल झाली होती आणि संगणक त्याच्या उत्तराची वाट पाहत ताटकळला होता, एवढेच. बावीसही पट्ट्या शाबूत होत्या.

‘नॉट रिस्पॉन्डिंग’ या दोन शब्दांचा आपल्याकडे फार धसका घेतला जातो. विंडोजमध्ये एखाद्या कार्यक्रमाच्या खिडकीने पाच सेकंद प्रतिसाद दिला नाही की प्रणाली तिच्यावर ही पाटी लावते. केवळ पाच सेकंद! गल्ल्यावर नोटा मोजणारा माणूस हाकेला पाच सेकंद ओ देत नाही, म्हणून त्याला कोणी मृत घोषित करीत नाही. तेव्हा पहिले काम वाट पाहण्याचे. डब्यावर डिस्कचा दिवा असेल तर तो पाहावा. तो हलत असेल तर डिस्कवर लिहिणे-वाचणे चालू आहे आणि त्या क्षणी वीज तोडणे सर्वांत घातक. मग कॅप्स लॉकची कळ दाबून कळफलकावरील तिचा दिवा पेटतो-विझतो का पाहावे. दिवा प्रतिसाद देत असेल तर प्रणालीचा गाभा बहुधा जागा आहे. अडला आहे तो वरचा एखादा कार्यक्रम. पाच-दहा मिनिटे दम धरण्यात काही बिघडत नाही. प्रणालीचे अद्ययावतीकरण चालू असेल आणि पडद्यावर संगणक बंद करू नका अशी सूचना असेल, तर त्याहूनही जास्त थांबावे, अगदी तास गेला तरी.

वाट पाहूनही हालचाल नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता कार्यक्रम अडला आहे ते दिसते. येथे क्रमाचे भान हवे. प्रथम ब्राउझर, प्रिंटरशी संबंधित खिडकी, व्हॉट्सॲप अशी बिनमहत्त्वाची मंडळी बंद करावीत. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला सर्वांत शेवटी हात लावावा, कारण कित्येकदा बाकीचे उठून गेले की ते आपोआप मोकळे होते. पडदाच काळा पडला असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबून पाहाव्यात. त्याने केवळ पडद्याची यंत्रणा नव्याने सुरू होते, उघडलेल्या कामाला धक्का लागत नाही. हेही साधले नाही तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट. त्यातून येणाऱ्या पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात वीजबटणाचे चिन्ह असते, तेथून रिस्टार्ट निवडावे. कंट्रोलची कळ दाबून धरून त्याच चिन्हावर टिचकी मारली तर तातडीच्या रिस्टार्टची सोय पुढे येते. मात्र न जतन केलेले काम जाईल, असा इशारा ती स्वतःच देते, तेव्हा ती अखेरच्या पायऱ्यांपैकी समजावी.

आणि बटण दाबायचेच झाले, तर ते कसे दाबावे यातही भेद आहे. डब्याचे बटण एकदाच हलके दाबून सोडले तर वीज तुटत नाही. बटणाकडून प्रणालीला केवळ निरोप जातो आणि सामान्यतः डेस्कटॉप संगणक आपले काम आवरून स्वतःहून बंद होतो. लॅपटॉप बहुधा झोपी जातो. तेच बटण चार-पाच सेकंद किंवा अधिक वेळ दाबून धरले तर प्रणालीला न विचारता वीज तुटते. एकाच बटणाचे दोन अर्थ, पण आपल्या दुकानांत पहिला अर्थ जवळजवळ कोणालाच ठाऊक नाही. आपल्या मुनिराजांच्या पाच समितींपैकी आदान-निक्षेपण समिती आपण पाठशाळेत पाठ केली होती : कोणतीही वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, पिच्छीने मार्जन करून, सावकाश. तेथे हेतू जीवरक्षणाचा आहे. संगणकात जीव नाही, हे मला मान्य आहे. पण त्या डब्यात बाकावर बसलेल्या बावीस माणसांच्या घामाचे पैसे लिहिलेले होते आणि बटणाकडे जाणारा हात पाहून मला तो शब्द आठवला, हेही खरे.

एका पेढीत अनेक संगणक जोडलेले असतात तेथे आणखी एक दक्षता घ्यावी लागते. हिशेबाच्या फाइली ज्यावर आहेत तो मुख्य संगणक कोणता, हे दुकानातल्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे. दुय्यम संगणक अडला तर धोका तुलनेने कमी. मुख्य संगणक पुन्हा सुरू करायचा असेल तर आधी गोदामातल्या आणि वरच्या मजल्यावरच्या मंडळींना हाक मारून त्यांची कामे जतन करायला व कंपनी बंद करायला सांगावे. बँकेत संगणकीकरणाच्या सुरुवातीच्या काळात ‘डे-एंड’ घेण्यापूर्वी शाखाधिकारी प्रत्येक काउंटरकडे पाहून मोठ्याने विचारीत, सगळे बाहेर आलात का? तो प्रश्न पेढीतही विचारण्यासारखा आहे.

आता लिनक्सविषयी थोडेसे, कारण ते आपल्याही दारात आले आहे. विंडोज-१० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुष्कळ जुने संगणक विंडोज-११ स्वीकारत नाहीत. आमच्या मंदिराच्या ग्रंथालयातील संगणक असाच होता; एका युवकाने त्यावर उबुंटू ही मोफत प्रणाली बसवून दिली आणि ग्रंथांची यादी आता त्यावर चालते. ही प्रणाली अडली तर सुरक्षितपणे बाहेर पडण्याचा तिचा मार्ग मला इतका आवडला, की त्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

कळफलकावर प्रिंट स्क्रीन नावाची कळ असते; तिचेच दुसरे नाव सिस-आरक्यू, म्हणजे प्रणालीला विनंती. आयबीएमने १९८४ च्या आपल्या पीसी-एटी या संगणकाच्या कळफलकावर ती प्रथम दिली. (भारतीय बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवालही त्याच वर्षीचा. आमच्या पिढीची संगणकाशी गाठ त्यानंतर पडली.) पुढे ही कळ जवळजवळ निरुपयोगी झाली, पण लिनक्सने तिला काम दिले. ऑल्ट आणि ही कळ दाबून ठेवून एकेक अक्षर दाबले की आज्ञा थेट प्रणालीच्या गाभ्याकडे जाते. वरचे सगळे कार्यक्रम थिजलेले असले तरी चालते. अक्षरे सहा आणि त्यांचा क्रम ठरलेला : आर, ई, आय, एस, यू, बी. उलट वाचली तर ‘बिझिअर’ हा इंग्रजी शब्द होतो, त्यावरून ती लक्षात राहतात.

बँकेच्या शाखेत काम केलेल्या माणसाला ही सहा अक्षरे समजावून सांगावी लागत नाहीत. ‘आर’ने कळफलक अडलेल्या कार्यक्रमाच्या ताब्यातून सोडवून घेतला जातो, जणू व्यवस्थापक गल्ल्याच्या किल्ल्या स्वतःच्या हाती घेतो. ‘ई’ने सर्व कार्यक्रमांना आवरते घ्या अशी सूचना जाते. चांगला कार्यक्रम ही सूचना मिळताच आपले लिखाण पुरे करून उठतो, म्हणून येथे काही सेकंद थांबायचे. ‘आय’ने, जे तरीही उठले नाहीत त्यांना सक्तीने उठवले जाते. ‘एस’ हे त्यातले मर्म : स्मरणात जे जे राहिले असेल ते सर्व डिस्कवर उतरवा. कच्च्या वहीतले पक्क्या वहीत. ‘यू’ने डिस्क केवळ वाचण्यापुरती उरते, म्हणजे वही मिटून कुलूपबंद होते. आणि मग ‘बी’, तत्काळ पुन्हा सुरू. प्रत्येक अक्षरानंतर दोन-चार सेकंद, ‘एस’नंतर थोडे जास्त थांबावे. घाईने एकटे ‘बी’ दाबले तर ते भिंतीवरचा स्विच बंद करण्यासारखेच आहे, कारण ते काहीही न उतरवता संगणक पुन्हा सुरू करते.

उबुंटूमध्ये मूळ मांडणीत या सगळ्या आज्ञांना परवानगी नसते. तेथे १७६ हा आकडा ठेवलेला असतो. तो १६, ३२ आणि १२८ यांची बेरीज आहे आणि ते तीन आकडे अनुक्रमे उतरवणे, कुलूपबंद करणे व पुन्हा सुरू करणे यांचे. म्हणजे एस, यू, बी चालतात. कार्यक्रमांना उठवणारी ई आणि आय चालत नाहीत. जाणकाराकडून हा आकडा १ करून घेतला तर सर्व आज्ञा खुल्या होतात. ग्रंथालयात आम्ही तो तसाच १७६ ठेवला आहे. येणारा-जाणारा कोणीही कळफलकाला हात लावतो, तेथे एवढ्या आज्ञा पुरेशा आहेत. लॅपटॉपवर ही कळ वेगळी नसेल तर एफएन कळीच्या जोडीने ती कोठे दडली आहे, हे संगणक ठणठणीत असतानाच शोधून ठेवावे.

पुन्हा सुरू झाल्यावर घाईने कामाला लागू नये. विंडोज स्वतःहून डिस्क तपासू लागली तर तिला मध्ये अडवू नये. हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडल्यावर आधी शेवटच्या बिलाचा किंवा पट्टीचा क्रमांक कागदावरच्या स्थळप्रतीशी पडताळावा, रोख शिल्लक गल्ल्याशी जुळवावी आणि मगच नवी नोंद करावी. संगणक वारंवार अडू लागला तर दोष डिस्कचाही असू शकतो. ती पूर्णपणे जाण्याची वाट न पाहता बदलावी. आणखी एक गोष्ट : अलीकडच्या विंडोजमध्ये शटडाउन केले तरी, जलद सुरू होण्याच्या सोयीमुळे, गाभ्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते व सकाळी तीच परत येते. सगळे खरोखर नव्याने सुरू करायचे असेल तर रिस्टार्टच निवडावे.

यूपीएसचा उपयोग दुकान चालवण्यासाठी नसून नीट आवरून घेण्यासाठी मिळालेली दहा-पंधरा मिनिटे म्हणून करावा. त्याच्यावर लेझर प्रिंटर जोडू नये. तो तापताना एवढी वीज ओढतो, की बॅटरी नेमक्या वेळी मान टाकते. बॅटरीही दोन-तीन वर्षांत थकते. वीज असताना एकदा मुद्दाम यूपीएसच्या स्विचचा पुरवठा तोडून तो किती वेळ तग धरतो ते पाहावे, अर्थात सर्व कामे जतन करून झाल्यावर.

जीएसटी कायद्यानुसार त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. एवढ्या काळात आपल्या दुकानातला संगणक निदान एकदा तरी बदलतो. म्हणून रोजच्या बॅकअपची एक प्रत दुकानाबाहेर असावी आणि ती उघडते की नाही हे पाहिले जावे. पुतण्याच्या पेढीत आता रोज रात्री दिवाणजी प्रत घेतात, पेन ड्राइव्ह रीतसर ‘सेफली रिमूव्ह’ करून घरी नेतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी यार्ड बंद असताना पुतण्या घरच्या लॅपटॉपवर ती प्रत उघडतो आणि शेवटच्या पट्टीचा क्रमांक दिवाणजींना फोनवर वाचून दाखवतो. दिवाणजी तो आपल्या खिशातल्या वहीशी ताडून पाहतात.